विजेचा टेम्पो दारात उभा करण्याआधी

भेंडीवर केवडा आला आहे म्हणून मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे एका शेतावर गेलो होतो. पाने उलटीसुलटी करून झाली, पांढरी माशी दाखवून झाली, फवारणीचे सांगून झाले. बांधावर चहा आला तेव्हा शेतकरी म्हणाला, "साहेब, भेंडीचं कळलं. आता हे सांगा, ती बॅटरीवाली गाडी घेतली तर परवडंल काय? पोरगा रोज मोबाईलवर दाखवतो. म्हणतो, बाबा, डिझेलचा खर्चच नाय."

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत अनेकांनी विचारला आहे. प्रश्न कृषी खात्याचा नाही, म्हणून टाळताही आला असता. पण भाजीच्या पट्टीतून आडत, हमाली आणि टेम्पोभाडे वजा झाल्यावर हातात काय उरते ते आपण सगळेच बघतो. तेव्हा त्या दिवशी बांधावरच वही काढली आणि हिशेब मांडला. तोच इथे जरा नीट करून देत आहे.

म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, दोन पावले चालवून बघतो. शिंगाच्या रंगावर कोणी पैसे मोजत नाही. गाडी घेताना मात्र 'एका चार्जिंगमध्ये १५५ किलोमीटर' एवढे वाचून माणूस भुलतो. हा आकडा चाचणीचा असतो. भरलेली गाडी, उन्हाळा, खड्डे, शहाडच्या पुलापाशी थांबत थांबत जाणे हे सगळे धरले, तर व्यवहारात त्याचा दोनतृतीयांश धरून चालावे. म्हणजे १५५ चे १०० समजा.

आता अंतरे बघा. मुरबाड ते कल्याण सुमारे ३० किलोमीटर. सरळगावहून कल्याण साधारण ४०, म्हणजे जाऊन-येऊन ८०. इथवर गाडी एका चार्जिंगमध्ये आरामात फेरी करते. टोकावडे किंवा त्याच्या पलीकडे माळशेजच्या पायथ्याकडची गावे असतील, तर जाऊन-येऊन शंभराच्या वर जाते. मग कल्याणात कुठेतरी गाडी चार्जिंगला लावल्याशिवाय घरी येता येईल याचा भरवसा नाही. शहापूरहून कल्याण जमते, ठाण्याचा जांभळी नाकाही ओढूनताणून जमेल, पण रोज वाशीला माल नेणाऱ्याने या छोट्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. मुरबाड-शहापूरच्या ज्या शेतकऱ्यांचा माल वाशीला किंवा निर्यातीसाठी पॅकहाऊसला जातो, त्यांचा माल बहुधा मोठ्या गाडीतूनच जातो. तो प्रश्न वेगळा.

वेळेचे गणित मात्र आपल्या बाजूचे आहे, आणि हे फारसे कोणी बोलत नाही. भाजीचा टेम्पो पहाटे निघतो, मार्केटला माल उतरवतो आणि नऊ-दहापर्यंत घरी येऊन दिवसभर उभा असतो. ती दुपार चार्जिंगला मोकळीच असते. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे त्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत देण्याचे धोरण आले आहे. शहरातला कुरिअरवाला दिवसा गाडी पळवतो आणि रात्री चार्ज करतो. आपले त्याच्या उलट आहे, आणि ते फायद्याचे आहे.

पैशाचा हिशेब

डिझेलशी तुलना केली तर विजेची गाडी स्वस्तच दिसणार. पण आपल्या भागात खरी टक्कर सीएनजीशी आहे, आणि नवा छोटा टेम्पो घेणारा सीएनजीचाच विचार आधी करतो. म्हणून त्याच्याशीच ताडून बघू.

टाटांचा 'छोटा हत्ती' २००५ मध्ये आला आणि बैलगाडीची जागा त्याने कशी घेतली ते आपण पाहिले. त्याचीच लहान आवृत्ती 'एस प्रो' जून २०२५ मध्ये आली, तेव्हा शोरूमची सुरुवातीची किंमत पेट्रोलसाठी ३ लाख ९९ हजार, सीएनजी-पेट्रोलसाठी ४ लाख ९९ हजार आणि विजेवरच्या गाडीसाठी ६ लाख ५० हजार होती. वजन नेण्याची क्षमता ७५० किलो, बॅटरी १४.४ युनिटची. याच माप-वजनाच्या आसपास इतर कंपन्यांच्या गाड्याही आहेत. हिशेबाची रीत सगळ्यांना एकच. उदाहरण म्हणून ही घेतली, शिफारस म्हणून नाही.

त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, म्हणजे सीएनजीची गाडी स्वस्त झाली आणि विजेची होती तिथेच राहिली. दोन्हींतला फरक १ लाख ९० हजारांच्या घरात गेला. दुसऱ्या बाजूने, हलक्या मालवाहू गाड्यांवर ७ टक्के एकरकमी कर राज्याच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. विजेच्या गाडीला हा कर लागत नाही. तिथे ३० हजार वाचले. तेव्हा फरक १ लाख ६० हजार धरू.

आता चालवण्याचा खर्च. शंभर किलोमीटरसाठी बॅटरी पूर्ण भरायची, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर १६ युनिट पडतात. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दराची पायरी चढते हे विसरू नका. ज्या घराचे बिल आज ८० युनिटांचे आहे, तिथे गाडी आली की ते ४०० युनिटांवर जाईल. सगळे आकार धरून वाढीव युनिटला मी १३ रुपये धरतो. म्हणजे किलोमीटरला २ रुपये १० पैसे. सीएनजी किलोला ८० रुपये आणि भरलेली गाडी किलोला २० किलोमीटर देते असे धरले, तर किलोमीटरला ४ रुपये. बचत १ रुपया ९० पैसे. तेल बदलणे, क्लच वगैरे कमी, त्याचे थोडे वेगळे वाचेल. बाहेरच्या चार्जरवर गाडी लावायची वेळ आली आणि युनिटला २० रुपये मोजले, तर ही बचत ८० पैशांवर येते.

१ लाख ६० हजार भागिले १ रुपया ९० पैसे. उत्तर साधारण ८५ हजार किलोमीटर. एवढे अंतर चालल्यावर जादा दिलेले पैसे फिटतात. दर बदलले की आकडे बदलून घ्या, पण भागाकार हाच करा.

त्या शेतकऱ्याला मी विचारले, "तुझी गाडी वर्षाला किती चालेल?" भातानंतर डिसेंबरात भेंडी सुरू होते, मेपर्यंत चालते. तोडा एक दिवसाआड. पाच महिन्यांत ७५ फेऱ्या, फेरीला ८० किलोमीटर, म्हणजे ६ हजार. बी-बियाणे, खते, लग्नकार्य धरून आणखी हजार. वर्षाला ७ हजार किलोमीटर. ८५ हजार भागिले ७ हजार, म्हणजे १२ वर्षे. तो हसला आणि म्हणाला, "तवर पोराचं पोर शाळेत जाईल."

याहून वाईट गोष्ट हप्त्याची. साडेपाच लाख कर्ज, पाच वर्षे, ११ टक्के व्याज धरले तर महिन्याला १२ हजारांच्या घरात हप्ता येतो. भेंडी पाच महिन्यांची आणि हप्ता बारा महिन्यांचा. जून ते नोव्हेंबर शेतात भात उभे असते, हातात रोख नसते, आणि बँकेचा मेसेज मात्र पाच तारखेला येतोच.

शिवाय गाडी भरते का? भेंडीचा एकरी तोडा दीड-दोनशे किलो. ७५० किलोच्या गाडीत एकट्याचा माल म्हणजे पाऊण गाडी रिकामी. उरलेली जागा शेजाऱ्याच्या मालाने भरली तर त्याचे भाडे मिळते, हे खरे. पण मग तुम्ही शेतकरी राहत नाही, टेम्पोवाले होता. त्यात वाईट काही नाही, फक्त ते आधी ठरवून करावे.

म्हणून मी त्याला सरळ सांगितले, एकट्याने ही गाडी घेऊ नकोस. पण त्याच वाडीत भेंडी, काकडी, कारली करणारे पाच जण आहेत. त्यांचे तोडे पाळीपाळीने लावले तर गाडी रोज भरून जाते. पावसाळ्यात दूध, किराणा, सिमेंटची पोती, घरगुती सामान असे गावातले भाडे धरले तर वर्षाला ३०० फेऱ्या होतात. ३०० गुणिले ८० म्हणजे २४ हजार किलोमीटर. साडेतीन वर्षांत जादा पैसे फिटले, पुढची बचत पदरात. भिवंडीच्या गोदामांतून घरपोच माल पोहोचवणारे विजेचे टेम्पो आणि ठाणे परिवहनच्या विजेच्या बसगाड्या याच न्यायाने धावतात. ठरलेला रस्ता, रोजची धाव, रात्री ठरलेल्या जागी चार्जिंग. गाडी उभी राहिली की हिशेब बसतो खाली.

पंपाच्या विजेवर चार्जिंग? मुळीच नको

हे सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारची मोफत वीज योजना आहे. त्यामुळे "पंपाच्या पेटीतून एक वायर ओढली की गाडी फुकटात चालेल" असे मला दोघा-तिघांनी डोळे मिचकावत सांगितले. बाबांनो, कृषिपंपाची वीज पंपासाठी दिलेली आहे. ती दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. आकडा टाकून घेतली तर ती सरळ चोरी, तिला कलम १३५ आहे. शिवाय शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. गाडी पहाटे अडीचला निघायची आणि त्या आठवड्यात पाळी असेल दुपारची, तर बॅटरी अर्धीच राहणार.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांसाठीही तेच. पथदिव्यांच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या जोडणीवर घंटागाडी चार्ज करू नये. त्यासाठी कार्यालयाच्या मीटरचा भार वाढवून घ्यावा, नाहीतर महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे, तिच्यात जोडणी मागावी.

घंटागाडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर, ठरलेली गल्ली, संध्याकाळी कार्यालयासमोर, या कामाला विजेची गाडी अगदी योग्य. पण निधी आला म्हणून गाडी घ्यायची आणि चालकाच्या पगाराची तरतूद करायची नाही, असे झाले की ती चिंचेखाली उभी राहते. डिझेलची गाडी सहा महिने उभी राहिली तर स्टार्टरची बॅटरी बदलून चालू होते. विजेच्या गाडीची मुख्य बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडली तर तिला इजा होते, आणि गाडीच्या किमतीतला सगळ्यांत मोठा वाटा तिचाच असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (लोक अजून ग्रामसेवक भाऊच म्हणतात) ठराव लिहिताना चालक, चार्जिंग आणि दुरुस्ती ही तिन्ही नावे त्यात घालावीत.

घरच्या जोडणीकडे वळू. आपल्याकडची पुष्कळ घरे एक किलोवॅट मंजूर भाराची आहेत. गाडीचा चार्जर त्याच्या दोन-तीनपट ओढतो. तेव्हा आधी भार वाढवण्याचा अर्ज, मग गाडी. मीटरपासून चार्जिंगच्या जागेपर्यंत वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारे आरसीसीबी हवे. टीव्हीच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन लावून रात्रभर चार्जिंग करणे म्हणजे गवताच्या गंजीपाशी विडी ओढणे. अर्थिंग तपासून घ्या. आपल्या मुरमाड जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहावे लागते, आणि ते कोणी घालत नाही. लाइनच्या टोकाला घर असेल, संध्याकाळी पंखा मंद फिरत असेल, तर तुमच्या डीपीवर भार झेपेल का ते वायरमनला आधीच विचारा.

छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असेल तर हिशेब आणखी सुधारतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटमधून उघडिपीच्या दिवसांत रोज बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणजे कल्याणच्या एका फेरीला लागणारी जवळजवळ सगळी. मात्र जुन्या कौलारू घराच्या वाशांवर पॅनेल चढवण्याआधी सुताराला वर चढवून बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य किती दिसतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

पावसाचे काही प्रश्न. रायते पुलावरून उल्हास नदीचे पाणी जाणे आपल्याला नवे नाही. २०१९ आणि २०२१ च्या जुलैत ते झाले आणि मुरबाडचा रस्ता बंद पडला. बॅटरीला पाण्यापासून संरक्षण दिलेले असते, विक्रेता ते कौतुकाने सांगेल. पण पुलावर पाणी असताना गाडी कोणतीही असो, घालू नये. वळसा घालून जायचे झाले तर अंतर वाढते, आणि डिझेलवाला वाटेत पाच लिटर टाकतो तसे इथे चालत नाही. पावसाळ्यात कोटा थोडा शिल्लक ठेवून निघावे. गाडीच्या तळापर्यंत पाणी चढले असेल तर घरी आणून लगेच चार्जिंगला लावू नका, आधी कंपनीच्या माणसाला दाखवा. गावच्या मेकॅनिकला नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू देऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. त्यांतून जीव जाण्याएवढा दाब वाहतो.

सीएनजीही अगदी बिनघोर नाही, हेही सांगितले पाहिजे. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ टेम्पोवाल्यांना विचारा. नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर मुख्य वाहिनीला इजा होऊन मुंबई-ठाण्यात पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा रिक्षा-टेम्पो पंपांवर ताटकळले. घरची वीज असलेल्याला ती चिंता नव्हती.

कल्याणच्या जवळच्या गावांचे आणखी वेगळे. गोवेली, कांबा, वरप किंवा डोंबिवलीलगतच्या २७ गावांतल्या माळव्याच्या शेतकऱ्याला चारचाकीची गरजच नाही. अर्धा टन नेणारी विजेची तीनचाकी त्याला पुरते. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, त्याच वर्षी शेतकरी आठवडी बाजारांची योजनाही आली. डोंबिवली-कल्याणच्या सोसायट्यांच्या फाटकाशी सकाळी भाजी विकायची, दर दोनशे पावलांवर थांबायचे आणि पुन्हा निघायचे, हे काम विजेची गाडी इंजिनापेक्षा चांगले करते. उभी असताना ती काही खात नाही.

अनुदानाबद्दल. केंद्राच्या १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत छोट्या चारचाकी मालवाहू गाड्या धरलेल्याच नाहीत. तिच्यातले ट्रक म्हणजे साडेतीन टनांवरचे मोठे. राज्याचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण २०३० पर्यंत आहे. त्यातली सवलत तुमच्या गाडीला किती आणि केव्हा मिळणार हे विक्रेत्याकडून कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर आगाऊ रक्कम देऊ नका. बॅटरीची हमी किती वर्षे, किती किलोमीटर, आणि किती टक्के ताकद उतरल्यावर बदलून मिळते, हेही त्याच कागदावर.

आणि चाचणी घ्या. विक्रेत्याची रिकामी गाडी शोरूमभोवती फिरवून काही कळत नाही. स्वतःचे तीस क्रेट भरा, पहाटे स्वतःच्या दारातून निघा, रायत्याला, मार्केटला आणि परत घरी किती टक्के चार्जिंग उरले ते तीन ठिकाणी लिहून ठेवा. विक्रेता याला नाही म्हणाला तर तेही उत्तरच समजा.

पाच जणांत एक गाडी म्हटल्यावर भांडण आलेच. कोणाच्या नावावर, चालवणार कोण, क्रेटमागे भाडे किती, बिघडली तर पैसे कोणाचे, हे सगळे स्टॅम्पवर नाही तरी गटाच्या वहीत सह्यांनिशी लिहावे. गाडी गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावावर असेल तर बरे. घरच्या मीटरवर चार्जिंग होणार असेल तर त्या घराला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाले पाहिजेत. त्यासाठी उपमीटर लावला की कुरबूर मिटते.

परवा तो शेतकरी मुरबाडला कार्यालयात भेटला. केवडा आटोक्यात आहे, रोगट झाडे उपटून जाळली म्हणाला. गाडीचे अजून ठरलेले नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले, भार वाढवण्याचा अर्ज उपविभागात दिला, आणि पाचांपैकी चौघे तयार आहेत. पाचवा अडून बसला आहे. त्याचे म्हणणे, बाकीचे मागाहून बघू, मार्केटला आधी कोणाचा माल उतरायचा ते पहिल्यांदा लिहा.